अंदाजाहून २,६६८ रुपये कमी

मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीचं काम एप्रिल १८७१मध्ये सुरू झालं आणि नोव्हेंबर १८७८मध्ये संपलं. आराखडा कर्नल जेम्स फुलर या लष्करी इंजिनिअरचा. खर्च आला १६,४४,५२८ रुपये, म्हणजे मंजूर अंदाजपत्रकापेक्षा २,६६८ रुपये कमी. साडेसात वर्षं चाललेल्या कामात अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांत शेकडा पाव टक्क्याचाही फरक नाही. आज एखाद्या तालुक्याच्या प्रशासकीय इमारतीबद्दल कुणी असा आकडा सांगितला, तर ऐकणारा आधी हसेल आणि मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाकेल.

त्या आकड्याचं कौतुक बरेच जण करतात. मला मात्र त्यातला ‘मंजूर’ हा शब्द जास्त बोलका वाटतो. सरकारी बांधकामात अंदाजपत्रक एकदाच होत नाही. आधी ढोबळ, मग तपशीलवार, मग सुधारित, मग पुन्हा सुधारित. शेवटच्या सुधारित अंदाजपत्रकाशी तुलना केली की जगातली कुठलीही इमारत अंदाजात बसते. फुलरसाहेबांनी तसं केलं, असा आरोप मी करत नाही. त्या काळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची शिस्त कडक होती हे खरंच आहे. पण खर्चाचा आकडा कुणासमोर ठेवायचा आहे, यावर तो कसा मांडायचा ते ठरतं, ही गोष्ट १८७८मध्येही खरी होती.

याच इमारतीतल्या एका खांबावर एक माकड कोरलेलं आहे. त्याच्या हातात न्यायाचा तराजू आहे आणि एका डोळ्यावर पट्टी. आख्यायिका अशी सांगतात की कोरीवकामाचं पोटकंत्राट घेतलेल्या एका पारशी कंत्राटदाराचा मुख्य कंत्राटदाराशी पैशांवरून वाद झाला, तो कोर्टात हरला, आणि त्याने दगडातून उट्टं काढलं. आख्यायिका खरी असो वा नसो, ती दीडशे वर्षं टिकली, कारण ऐकणाऱ्याला ती पटते. बांधकाम संपतं, उद्घाटन होतं आणि मग बिलाचं भांडण सुरू होतं, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

या धंद्यातले शब्द पाहिले तरी त्यांचा इतिहास दिसतो. ‘निविदा’ हा शब्द संस्कृत घडणीचा, राजभाषा मराठी झाल्यावर सरकारी कागदांत रुळलेला. बोलताना आपण ‘टेंडर’च म्हणतो. पण ‘कंत्राट’ इंग्रजांचं नाही, ते पोर्तुगीजांचं. ‘लिलाव’ त्यांचाच. ‘मेस्त्री’ आणि ‘पगार’ही त्यांचेच. ‘मक्ता’ आणि ‘बयाणा’ अरबी-फारसीतून आले. म्हणजे काम देणं, काम घेणं, त्यावर माणूस नेमणं आणि त्याला पैसे देणं, या साऱ्याचे शब्द आपल्याकडे समुद्रमार्गे किंवा दरबारातून आले. ‘गवंडी’ तेवढा आपल्या मातीतला वाटतो. आज नवी मुंबई महापालिकेचं घुमटाचं पांढरं मुख्यालय जिथे आहे, तिथून जवळच बेलापूरचा किल्ला आहे. पोर्तुगीजांकडून अठराव्या शतकात मराठ्यांनी घेतलेला. किल्ल्याचे आता जेमतेम अवशेष उरलेत. त्यांचे शब्द मात्र पलीकडच्या इमारतीत रोज कामाला येतात.

*

एकोणिसाव्या शतकात कंत्राटदार म्हणून उभा राहिलेला सर्वांत प्रसिद्ध मराठी माणूस कोण, असा प्रश्न विचारला तर फार थोडे जण जोतीराव फुल्यांचं नाव घेतात. पण ते खरं आहे. ‘पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी’ ही त्यांची कंपनी. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचं धरण या कामांशी तिचा संबंध होता. दगड, चुना पुरवणं हा त्या व्यवहाराचा मोठा भाग. १८६९मध्ये छापलेल्या ‘ब्राह्मणांचे कसब’मध्ये भिक्षुकी आणि शाळाखात्यासोबत इंजिनिअर खात्याचाही समाचार घेतलेला आहे. तो भाग वाचताना लक्षात ठेवलं पाहिजे की हे लिहिणारा माणूस त्या खात्याच्या कचेरीत जाऊन बिलासाठी थांबलेला होता. कोणत्या टेबलावर कागद अडतो आणि मजुराची हजेरी कुठे गळते, हे त्याला तिथे उभं राहून कळलं होतं.

मुंबईतही सत्यशोधक चळवळीला आधार मिळाला तो मोठ्या प्रमाणात बांधकामाच्या पैशातून. व्यंकू बाळाजी काळेवार, जाया कराडी लिंगू ही कामाठीपुरा-प्रभादेवीकडची तेलुगू कंत्राटदार मंडळी फुल्यांच्या पाठीशी होती. कोट परिसरातल्या भव्य इमारतींची वर्णनं वाचताना वास्तुशैलीवर पानंच्या पानं मिळतात, इंजिनिअरचं नाव मिळतं, कधी शिल्प घडवणाऱ्यांचंही. काम प्रत्यक्ष उभं करणारी ही मंडळी तळटिपेतही क्वचित येतात. पण त्यांनी कमावलेल्या नफ्यातला काही भाग समाजाच्या शिक्षणाकडे वळला, हा त्या दगडांचा दुसरा इतिहास आहे. १८८८मध्ये मांडवी कोळीवाड्यातल्या सभेत जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी दिली गेली, त्या सभेमागेही मुंबईतल्या याच कष्टकरी-कंत्राटदार वस्त्यांचं बळ होतं.

या सगळ्याची उलटी बाजू बोरघाटात दिसते. जीआयपी रेल्वेचं घाटातलं कंत्राट विल्यम फॅविएलने घेतलं, तेव्हा खडक किती कठीण आणि साथी किती भयानक, याचा भाव कुणालाच ठाऊक नव्हता. जानेवारी १८५९मध्ये थकलेल्या मजुरीवरून कर्जत बाजूला मजूर आणि युरोपियन कर्मचाऱ्यांत दंगल झाली. त्याच वर्षी फॅविएलने काम सोडलं. नंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि कंत्राट त्याची पत्नी ॲलिस हिने माणसं नेमून पुरं केलं. घाट १८६३मध्ये खुला झाला. दरपत्रकात खडकाची जोखीम कंत्राटदारावर टाकलेली होती. प्रत्यक्षात ती पटकीने मरणाऱ्या मजुरावर जाऊन पडली. पुढच्या दीडशे वर्षांत कलमं बदलली, पण जोखीम ज्याच्यावर लिहिलेली असते त्याच्याच खांद्यावर राहते का, हा प्रश्न काही सुटला नाही.

*

मुंबईत अंदाजपत्रक फसल्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण मात्र इमारतीचं नाही, जमिनीचं आहे. १९२०च्या सुमारास गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत बॅकबेचा समुद्र हटवून १,१४५ एकर जमीन तयार करायची योजना सुरू झाली. अंदाज सुमारे चार कोटींचा. खर्चाचा मेळ साधा होता: गाळ उपसून भर घालायची, जमीन विकायची, पैसे फेडायचे. ड्रेजर किती गाळ उपसेल याचा जो हिशेब धरला होता, त्याच्या जवळपासही तो पोचला नाही. भिंतीतून भर वाहून गेली. काही वर्षांतच खर्चाचा अंदाज दुपटीवर गेला आणि जमिनीचे भाव कोसळले. वकील खुर्शेद नरिमन यांनी हे प्रकरण लावून धरलं. हार्वे नावाच्या इंजिनिअरने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि नरिमन निर्दोष सुटले. १९२६मध्ये चौकशी समिती बसली. आठ ब्लॉकांपैकी चारच पुरे झाले, बाकीचे समुद्रात राहिले.

स्वातंत्र्यानंतर उरलेल्या ब्लॉकांपैकी काही भरले गेले आणि तिथे कचेऱ्यांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. त्या जागेला नाव दिलं गेलं नरिमन पॉइंट. ज्या माणसाने भरावाचा गैरव्यवहार उघड केला, त्याचं नाव पुढच्या भरावाला. मुंबईत विनोद करायला वेगळा विनोदकार लागत नाही.

नवी मुंबईचा जन्म याच भरावाला विरोध म्हणून झाला, हे आपण विसरतो. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५मध्ये ‘मार्ग’मधून मांडलेला मुद्दा सरळ होता. मुंबईची गर्दी ही मुळात कचेऱ्यांची गर्दी आहे. कचेऱ्या दक्षिण टोकाला वाढवत राहाल तर लोकल गाड्या कितीही लांब करा, पुरणार नाहीत. खाडीपलीकडे नवं शहर करा आणि त्याला जीव यावा म्हणून सरकारनेच आपलं बिऱ्हाड तिकडे हलवावं. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे-रायगडमधली ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र. १९७३मध्ये ठाणे खाडीवरचा पूल वाहतुकीला खुला झाला.

सरकार मात्र हललं नाही. मंत्रालय तिथेच राहिलं, त्याच्यासमोर नवी प्रशासकीय इमारत झाली, आणि १९८१मध्ये विधानभवनही नरिमन पॉइंटच्या परिसरातच उभं राहिलं. बेलापूरला आलं ते कोकण विभागीय आयुक्तांचं कार्यालय, म्हणजे कोकण भवन, सिडको भवन, पुढे रायगड भवन, रिझर्व्ह बँकेची इमारत, कोकण रेल्वेचं मुख्यालय असलेलं बेलापूर भवन. ‘सीबीडी’ या नावात ‘सेंट्रल’ आहे; केंद्र मात्र खाडीच्या अलीकडेच राहिलं. १९९२मध्ये नवी मुंबई महापालिका सुरू झाली, तेव्हा तिचं मुख्यालयही बेलापूर भवनातच थाटलं होतं. स्वतःच्या इमारतीत ती गेली २०१४मध्ये. वास्तुरचनाकार हितेन सेठी. म्हणजे नियोजनातून जन्मलेल्या शहराची महापालिका बावीस वर्षं दुसऱ्याच्या इमारतीत राहिली.

*

सिडकोची गंमत समजून घ्यायची तर वर्तमानपत्रातलं एक जुनं पान डोळ्यापुढे आणा. एका कोपऱ्यात सिडकोची जाहिरात: अमुक सेक्टरमधले भूखंड भाडेपट्ट्याने देणे आहेत, निविदा मागवण्यात येत आहेत. तिथे सर्वांत जास्त दर देणारा जिंकतो. त्याच पानावर, बहुधा त्याच अक्षरात, दुसरी जाहिरात: अमुक नोडमध्ये कार्यालयीन इमारतीचं बांधकाम, निविदा मागवण्यात येत आहेत. तिथे सर्वांत कमी दर देणारा जिंकतो. एकच संस्था, एकच पान. एका हाताने चढा भाव घ्यायचा, दुसऱ्या हाताने उतरता भाव द्यायचा.

हे पाखंड नव्हतं, तो सिडकोचा जगण्याचा मार्ग होता. राज्य सरकारने सुरुवातीला भांडवल दिलं ते ३ कोटी ९५ लाखांचं. बाकी सगळं शहर जमीन विकून उभं करायचं. मानखुर्द-बेलापूर रेल्वेच्या खर्चातला ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला आणि रेल्वेने ३३ टक्के. देशात तोवर असं झालं नव्हतं. हे पैसे भूखंडांच्या निविदांतूनच आले. त्यामुळे भूखंड निविदेशिवाय दिले गेले की तो केवळ नियमभंग उरत नाही, शहराच्या खिशातून पैसे जातात. अशा काही भूखंडांचे करार सिडकोने चौकशीनंतर रद्द केले आणि २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिडकोची बाजू उचलून धरली.

पण या दोन्ही निविदांच्या आधी एक तिसरी किंमत ठरली होती, आणि तिच्यासाठी निविदा निघाली नव्हती. ती म्हणजे गावकऱ्यांकडून घेतलेल्या जमिनीची. भातशेती, मिठागरं, खाजणं सरकारने संपादन करून सिडकोला दिली. भाव ठरला तो शेतीच्या जमिनीचा. तीच जमीन नंतर सेक्टर आणि भूखंड क्रमांक लावून बाजारभावाने विकली जाताना शेतकऱ्याने पाहिली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं ते या फरकावरून. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक मारले गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

सरकारी इमारतीचं अंदाजपत्रक उघडून पाहा. खोदाई, पाया, काँक्रीट, वीटकाम, गिलावा, फरशी, विद्युत, अग्निशमन, आकस्मिक खर्च, सगळं असतं. जमिनीची किंमत त्या तक्त्यात नसते, कारण ती ‘उपलब्ध’ असते. बांधकामाच्या हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. तरीही बेलापूरच्या कुठल्याही भवनाची किंमत विचारताना हा रकाना आपोआप डोळ्यांसमोर येतो.

*

आता थोडं तंत्राकडे. ज्यांना टेंडरची भाषा रोजची आहे त्यांनी हा भाग भरभर वाचला तरी चालेल.

महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम खात्याने रूढ केलेले मुख्य नमुने दोन, बी-१ आणि बी-२. बी-१ म्हणजे टक्केवारीची निविदा. खात्याने प्रत्येक बाबीचा दर आधीच लिहिलेला असतो, दरसूचीप्रमाणे. कंत्राटदाराने फक्त एकच आकडा भरायचा: या सगळ्यापेक्षा इतके टक्के वर किंवा इतके टक्के खाली. साइटवरच्या मराठीत ‘अबव्ह’ आणि ‘बिलो’. बी-२ म्हणजे बाबवार निविदा. बाबी आणि परिमाणं खातं देतं, प्रत्येकीचा दर कंत्राटदार भरतो. याशिवाय एकरकमी कामाचा ‘सी’ नमुना आहे.

बाबवार निविदेत एक जुना खेळ चालतो. समजा, एका इमारतीच्या पायासाठी निविदेत माती खोदाई ५,००० घनमीटर आणि कठीण खडकाची खोदाई ५०० घनमीटर लिहिली आहे. पहिला कंत्राटदार मातीला २०० आणि खडकाला ८०० रुपये भरतो. बेरीज १४ लाख. दुसरा मातीला १०० आणि खडकाला १,६०० भरतो. बेरीज १३ लाख. दुसरा कमी, काम त्याला. प्रत्यक्ष खोदल्यावर माती निघते ३,५०० आणि खडक २,०००. पहिल्याच्या दराने बिल झालं असतं २३ लाख. दुसऱ्याच्या दराने होतं साडेपस्तीस लाख. दुसऱ्याने लबाडी केली का? कागदावर नाही. त्याला जमीन खात्यापेक्षा चांगली कळली होती, किंवा कुणीतरी कळवली होती.

नवी मुंबईत हा खेळ फार चालतो, कारण इथली जमीनच लहरी आहे. एका बाजूला पारसिकचा बेसॉल्ट, दुसऱ्या बाजूला खाडीची सागरी चिकणमाती. भूखंडाच्या एका कोपऱ्यात पहार आपटते आणि दुसऱ्या कोपऱ्यात पाइल खाली जातच राहते. वर भराव, खाली चिखल, त्याखाली झिजलेला खडक. तपासणीसाठी बोअर किती घेतले आणि कुठे घेतले, यावर सगळं अंदाजपत्रक उभं असतं. बोअर हा खर्चाचा भाग असल्यामुळे तो वाचवण्याचा मोह सगळ्यांना होतो. लाखाची बचत आणि कोटीचा फटका, हे गणित इथल्या जुन्या इंजिनिअरांना तोंडपाठ आहे.

याच खेळाला आळा म्हणून आपल्या निविदेत ३८वं कलम आलं. परिमाण निविदेतल्यापेक्षा २५ टक्क्यांपर्यंत वाढलं तर कंत्राटदाराने आपल्याच दराने करायचं. त्यापलीकडच्या वाढीव परिमाणाला दर दरसूचीच्या आधाराने ठरवायचा. कार्यालयात ‘क्लॉज थर्टी-एट’ म्हटलं की काहींच्या कपाळावर आठ्या येतात, काहींच्या ओठांवर हसू. निविदेत नसलेली बाब करावी लागली तर तिची वेगळी दरयादी होते, ती ‘ईआयआरएल’. ठरलेल्या किमतीचा खरा इतिहास पाहायचा असेल तर कार्यारंभ आदेश वाचू नये, हे दोन कागद वाचावेत.

पंचवीस टक्क्यांची ही रेघ कुठून आली कोण जाणे, पण ती मला एका फार जुन्या ओळखीच्या माणसासारखी भेटली. रोमन वास्तुकार विट्रूव्हियस आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागाच्या आरंभी इफिसस नगरातला एक कायदा सांगतो. सार्वजनिक काम घेणाऱ्या वास्तुकाराने आधी खर्च सांगायचा आणि तोवर आपली मालमत्ता गहाण ठेवायची. काम सांगितलेल्या खर्चात झालं तर त्याचा सन्मान. चौथ्या हिश्श्यापर्यंत जास्त लागलं तर नगराच्या खजिन्यातून द्यायचं. त्यापुढचं सगळं वास्तुकाराच्या मालमत्तेतून. असा नियम रोममध्येही असता तर बरं झालं असतं, असं त्याचं म्हणणं. दोन हजार वर्षांपूर्वीही अंदाजाच्या चुकीला पाव हिश्श्याची सूट होती. फरक एवढाच की आपल्या कलमात अंदाज करणाऱ्याची मालमत्ता कुठेच येत नाही.

*

कमीत कमी दराला काम देणं हे तत्त्व भ्रष्टाचाराच्या भीतीतून आलं. अधिकाऱ्याच्या मर्जीपेक्षा आकडा बरा, कारण आकड्याला भाऊबंद नसतात. न्यायालयांनीही हळूहळू सरकारच्या मर्जीला कुंपण घातलं. यातला सर्वांत महत्त्वाचा निकाल मुंबईच्याच विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेवर आहे. दुसऱ्या दर्जाचं रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार चालवण्यासाठी पाच वर्षं अनुभव असलेला नोंदणीकृत हॉटेलचालक हवा, अशी अट प्राधिकरणाने घातली आणि ती न पुरवणाऱ्याला काम दिलं. रमणा दयाराम शेट्टी प्रकरणात १९७९मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की राज्यसंस्थेने स्वतः घातलेली अट तिने स्वतः पाळलीच पाहिजे. उशीर झाल्यामुळे अर्जदाराला हातात काहीच मिळालं नाही. चहा-वड्याच्या कंत्राटातून देशाला मात्र कायदा मिळाला. १९९४च्या टाटा सेल्युलर निकालाने दुसरी बाजू सांगितली: न्यायालय निर्णयाची पद्धत तपासेल, निर्णयाच्या जागी आपला निर्णय बसवणार नाही.

पद्धत शुद्ध झाली. पण आकड्याला भाऊबंद नसले तरी पोट असतं. दर कसा ठरतो ते पाहा. एक घनमीटर वीटकामाला विटा किती, सिमेंट किती, वाळू किती, गवंडी किती दिवस, बिगारी किती दिवस, पाणी, पाळणा, वाहतूक. यावर नफा आणि वरखर्च. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दर-पृथक्करणात नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्के धरतात. आता कुणी २५ टक्के ‘बिलो’ भरून काम घेतलं, तर ते कुठून येणार? नफा पूर्ण सोडला तरी पुरत नाही. सिमेंट आणि सळईचा भाव कंपनी ठरवते, तिथे घासाघीस करून फार मिळत नाही. उरतात दोनच जागा. एक, काँक्रीटच्या पोटात, जिथे उद्घाटनाच्या दिवशी कुणाला दिसत नाही. दुसरी, बिगाऱ्याची हजेरी.

म्हणून फार खाली भरलेल्या निविदेवर जादा सुरक्षा ठेव घेण्याची पद्धत आली. खात्याचा हेतू कंत्राटदाराने काम अर्धवट टाकू नये हा आहे, आणि तो साधतोही. पण ती ठेवही कंत्राटदाराच्या खर्चातच जाते आणि पुन्हा त्याच दोन जागांवर दाब येतो. इथे नियम करणाऱ्यांची बुद्धी कमी पडली असं नाही. अंदाजपत्रक फुगलेलं असेल तर २५ टक्के ‘बिलो’ही चांगलं काम देऊ शकतो, आणि अंदाजपत्रक जुन्या दरसूचीवर बेतलं असेल तर १० टक्के ‘अबव्ह’वालाही मरतो. टक्केवारी हे कशाच्या तरी तुलनेतलं माप आहे आणि ते ‘कशाच्या तरी’ कुणी बनवलं, हा खरा प्रश्न. बी-१ नमुन्याने कंत्राटदाराचा खेळ बंद केला. त्याच फटक्यात दरसूची बनवणाऱ्याचं वजन वाढवलं.

बेलापूर, तुर्भे, नेरूळच्या नाक्यांवर सकाळी कामासाठी उभी राहणारी माणसं मराठवाड्यातून आली, विजापूर-गुलबर्ग्याकडून आली, पालमूरहून म्हणजे महबूबनगरहून आली. १९७२च्या दुष्काळात घर सोडलेल्यांपैकी काहींच्या नातवांनीही याच नाक्यांवर उभं राहून काम शोधलं. १९९६च्या कायद्याने बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर लावून कामगारांसाठी कल्याण मंडळाची सोय केली. आता हा एक टक्का अंदाजपत्रकात वेगळी ओळ म्हणून येतो आणि बिलातून कापला जातो. तो मिळवायला मात्र कामगाराने वर्षातून ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र आणावं लागतं. ज्याला रोज वेगळा मुकादम उचलून नेतो, त्याने ते कुणाकडून आणायचं?

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये काढलेल्या सूचनांत कमीत कमी दराचा हट्ट थोडा सैल केला. काही कामांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायची मुभा मिळाली. ऐकायला छान आहे. पण गुण देणारा पुन्हा माणूसच, आणि माणसाच्या मर्जीची भीती वाटली म्हणूनच तर आपण आकड्याकडे गेलो होतो. एका अनुभवी अभियंत्याशी यावर बोलणं झालं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. फक्त एवढंच म्हणाले, “बोअर नीट घ्या आणि बिल वेळेवर द्या. निम्मे ‘बिलो’वाले आपोआप वर येतील.” मला हे सगळ्या परिपत्रकांपेक्षा पटतं. बिलं उशिरा निघतात हे माहीत असल्यामुळे कंत्राटदार व्याजाचा भार दरात घालतो; ज्याला घालता येत नाही तो मजुराचे पैसे अडकवतो. बोरघाटात १८५९मध्ये हेच झालं होतं.

उच्च न्यायालयाच्या इमारतीत वाचलेले ते २,६६८ रुपये कुठल्या बाबीत वाचले, याचा तपशील सापडला असता तर हा लेख कदाचित तेवढ्यावरच झाला असता. सिडकोचा पत्ता मात्र प्रत्येक निविदा सूचनेवर छापलेला असतो आणि कुणीही तो वाचू शकतो. मुख्य कार्यालय, सिडको भवन, सीबीडी बेलापूर. नोंदणीकृत कार्यालय, निर्मल, दुसरा मजला, नरिमन पॉइंट.